कोणाला फोन लावू?

माझी मोठी जाऊ कोकिळाबाई वडनेरची. हिंगणीत सून होऊन आली तेव्हापासून तिचं तोंड थांबलेलं मी पाह्यलं नाही. म्हशीशी बोलते, कुकरशी बोलते, गॅस संपला तर सिलिंडरला शिव्या घालते. म्हणूनच तिच्या मुकेशनं वर्ध्याहून बोलणारा फोन आणून दिला. "आई, बटनं दाबू नको. कोणाले फोन लावाचा, नुसतं सांग."

तिला तो भारी आवडला. फोनमधली बाई अर्धं समजे, अर्धं सोडून देई. कोकिळाबाई म्हणे, "घरच्या माणसापेक्षा बरी. अर्धं तरी ऐकते."

एका दुपारी वनरक्षक गाडीवरून ओरडत गेला, "वाघ नाल्यावर आला! वावरात जाऊ नका!" आणि तिचे मालक, म्हणजे माझे भासरे, नुकतेच नाल्याकाठी चणा पाहायला गेलते.

कोकिळाबाईनं फोन तोंडापाशी धरला. "त्याइले फोन लाव!"

"कोणाला फोन लावू?"

"अवं, त्याइले! वावरात गेले त्याइले!"

"माफ करा, असं कोणी सापडलं नाही."

"मुकेशच्या बाबाले लाव!"

"मुकेशला फोन लावते," म्हणून तिनं मुकेशलाच लावला. तो कामावर, उचलेना.

फोनात नावं सारी इंग्रजीत. मी चौथी शिकलेली, मला ती कुठं वाचता येतात? गल्लीतले सारे सेलूला लग्नाला गेलेले. मी म्हटलं, "बाई, नाव घ्या न!"

"सारा जन्म नाई घेतलं, आता या फोनातल्या पोरीसमोर घेऊ? तू घे, शोभे!"

मी कशी घेऊ? नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव धाकटी सून घेते का? लिहितानाही मी त्या जागी रेघ मारते. घरात दोन म्हाताऱ्या, दोघींच्या तोंडाला कुलूप, आणि तिकडं वाघ.

मला एकदम सुचलं. "लग्नात घेतलं होतं न? उखाण्यात चालते!"

तिनं पदर डोक्यावर घेतला, फोन पाटावर ठेवला, समोर मांडी घालून बसली.

"बोर नदीत चांदणं हाले, — रावांचं नाव घेते, फोन लाव त्याइले!"

फोनमधली बाई जरा थांबली. चांदण्याचं तिला काही उमगलं नसावं. नाव मात्र तिनं बरोबर उचललं. घंटी वाजली.

"काऊन वं?" भासऱ्यांचा आवाज.

"वाघ हाय नाल्यावर! मांगं फिरा! सडकेवर हरिदासचा ट्रॅक्टर असन, त्यावर बसून या!"

"चणा तर पाहू दे."

"चणा वाघ पाहीन! तुमी या!"

भासरे ट्रॅक्टरवरून उतरेस्तोवर ती दारातून हलली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याच चण्यात वाघाचे पंजे उमटलेले दिसले.

मुकेशनं समजावलं, "आई, नुसतं नाव घेतलं तरी लागते."

"नुसतं कसं घेऊ रे? लाज हाय का नाई?"

आता भासरे वावरात गेले की ती रोज पाटावर फोन मांडते. तोच तो उखाणा रोज कसा घ्यायचा, म्हणून माझ्याकडं मागायला येते. मी तिळगुळाचा दिला, मोगऱ्याचाही दिला. माझ्या मालकांसाठी घेतलेला मात्र दिला नाही. ते गेले, तरी तो माझाच.

आणि भासरे? हरिदास सांगतो, फोन वाजला की ते आधी टोपी सारखी करतात, मग उचलतात.