एकटीचं उड्डाण आणि आबांचा कौल

माझ्या विमान शिकण्याला आबांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. "येकदा डोळ्यानं बगतो, मंग सांगतो," एवढंच म्हणाले होते. आमच्या घरात याला नकारच समजतात. आबांची हयात मेंढरं राखण्यात गेली. साधं कोकरू घ्यायचं तरी दात, खूर, डोळे तपासल्याशिवाय ते पुढे बोलत नाहीत. लेकीची तपासणी करायला ते कुंभारीहून सोलापूरच्या धावपट्टीवर आले, ते नेमके माझ्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाच्या सकाळी. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. ऊन मरणाचं होतं, पण घोंगडं हवंच.

माझं घोडं अडायचं उतरताना. जमीन जवळ आली की माझा हात घाबरून दांडा ओढायचा आणि विमान परत वर उसळायचं. "चाकाखाली काय आहे ते बघू नको, धावपट्टीच्या टोकाकडे बघ," असं सांगून सांगून मला उडायला शिकवणाऱ्या सरांचा घसा बसला होता. त्या दिवशी मात्र त्यांच्यासोबत तीन फेऱ्या बऱ्या झाल्या. मग सर उतरले, दार ओढून घेतलं आणि मागे न बघता चालू लागले.

"सायेब उतरले की! आता चालवतंय कोन?" आबा ओरडले म्हणे. त्यांना धरून ठेवायला दोन माणसं लागली, हे मला नंतर कळलं.

आत सरांचं वजन नसल्यामुळे विमान लई लवकर वर गेलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मला भयंकर भीती वाटत होती, म्हणून मी त्या खुर्चीला मोठमोठ्याने सूचना देत राहिले. वळताना खाली कुंपणाशी पांढरा पटका दिसला. हे नीट उतरलं नाही, तर आबा आजच मला घरी नेतील आणि पुन्हा इकडे पाठवणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी टोकाकडे बघत उतरले. एक उसळी बसली, मग दुसरी, बारकी. तिसऱ्यांदा चाकं जमिनीवर राहिली.

"तीन डाव उतरावं लागतंय व्हय?" मी विमानातून खाली येताच आबांनी सरांना विचारलं. चेहरा कोकरू नापसंत असल्यासारखा.

मी काही बोलणार, तेवढ्यात सोबतच्या मुलांनी माझ्या डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतलं. एकट्याने पहिल्यांदा उडून आलेल्याला असं भिजवायची आमच्याकडे पद्धतच आहे, पण आबांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मी शहारले आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग झाडलं.

आबांचा चेहरा एकदम खुलला. जत्रेत देवापुढे बोकडाच्या अंगावर पाणी टाकतात. त्याने अंग झाडलं की देवाने कौल दिला. नाही झाडलं, तर सगळं गाव हात जोडून ताटकळत उभं.

"झाडलं!" आबांनी सरांचा हात धरला. "देवाला पसंत पडली. आता मी कोन न्हाय म्हननार?"

सर गोंधळले. आबांनी त्यांना बोकडाची सगळी रीत समजावून सांगितली. ऐकता ऐकता सरांचा चेहरा उतरला.

"आणि... कौल दिल्यावर पुढे?"

"बोकडाचं निराळं असतंय, सायेब," आबा म्हणाले. "हिला मातुर रोज उडू द्या."