काकू खाली उभ्या आहेत

लग्न होऊन मी डोंबिवलीत आले आणि चारच दिवसांत शेजारच्या प्रमिलाकाकू दारात येऊन म्हणाल्या, "चल गं, गावात एक चक्कर मारून येऊ." मला वाटलं, त्या मला डोंबिवली दाखवणार. निघाल्यावर कळलं, त्या डोंबिवलीला मला दाखवायला निघाल्या होत्या. फुलवाली, शिंपी, पिठाची गिरणी, सगळीकडे थांबून एकच सांगणं: "ही मीनल, आमच्या शेजारची नवी सून. साताऱ्याची आहे. चेहरा लक्षात ठेवा." मी लाजेनं अर्धी झाले. पण पुढच्याच आठवड्यात गिरणीवाल्यानं मला नावानं हाक मारली आणि त्या परक्या गावात मला जरा बरं वाटलं.

काकू शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्तीनंतर कोथिंबिरीची जुडी आणायला गेल्या की तासाभरानं उगवायच्या. काका बिचारे आमटी उकळत ठेवून ताटकळायचे. "अहो, भेटलं कुणीतरी," एवढंच स्पष्टीकरण. कुणीच भेटलं नाही, तर त्या मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी यायच्या. "नावानं हाक मारणारं कुणी नसेल तर ते गाव कसलं? नुसता पत्ता," असं त्यांचं म्हणणं. मी धुळीला, खड्ड्यांना नावं ठेवली की त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या. मग म्हणायच्या, "खड्डे आहेतच. पण पाय मुरगळला तर उचलायला ओळखीचा येतो की नाही?"

त्यांचा खरा थाट दिवाळीच्या पहिल्या सकाळी. आमच्याकडे त्या दिवशी अभ्यंगस्नान उरकून सगळे नटूनथटून फडके रोडवर येतात. काम काहीच नसतं. नुसतं भेटायचं. गर्दी तरुण पोरांचीच जास्त, पण काकू मोरपिशी पैठणी नेसून कोपऱ्यावर उभ्या राहायच्या आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी मुलाबाळांसकट येऊन भर रस्त्यात पाया पडायच्या.

काका गेले आणि मुलानं, निखिलनं, त्यांना ठाण्याला घोडबंदर रोडवर आपल्याकडे नेलं. उंच टॉवर, खाडीचा वारा, सगळं छान. पण तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, आणि त्याशिवाय ही बाई जगणार कशी, याचीच मला काळजी. फोनवर त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. "लिफ्टमध्ये सगळे मोबाइलकडे बघतात गं," म्हणायच्या.

तिथल्या पहिल्या दिवाळीला त्या पैठणी नेसून सकाळीच गेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, दिवाळीच्या सकाळी माणसं सगळीकडेच खाली उतरतात. कुणी आलं नाही. शेवटी वॉचमननं विचारलं, "आंटी, गाडी आनेवाली है क्या?"

"नाही रे, माणसं यायचीत," काकू म्हणाल्या आणि पिशवीतला लाडू त्याच्या हातावर ठेवला.

निखिलनं मला हे हसत हसत सांगितलं. मला मात्र रडू आलं.

म्हणून पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच त्यांना न्यायला गेले. ट्रॅफिकनं जीव मेटाकुटीला आला होता. "काकू, आवरा. उद्या फडके रोड," मी म्हटलं. त्यांचा चेहरा फुलला. कपाटातून बॅग काढली. मग बॅगेवर हात ठेवून त्या म्हणाल्या,

"नाही जमायचं गं. सातव्या मजल्यावर एक मुलगी राहायला आलीय, कोइमतूरची. नवरा कामासाठी परदेशी. परवा लिफ्टमध्ये विचारत होती, इथं दिवाळीला काय करतात? मी सांगून बसले, सकाळी खाली येतात."

"कोण येतं खाली?"

"मी."

"काकू, एका मुलीसाठी तुम्ही फडके रोड सोडणार?"

"अगं, ती नटून खाली येईल. आणि खाली कुणीच नसलं तर? कसं वाटतं ते मला विचार."

मला राग आला. एवढ्या लांबून आले होते मी. पण त्या बॅग पुन्हा कपाटात ठेवत होत्या आणि उद्याला चिवडा पुरेल का, असं मलाच विचारत होत्या. आवाज अगदी पूर्वीसारखा ठणठणीत होता.

मी एकटीच परतले. दुसऱ्या दिवशी फडके रोडवर जो तो विचारत होता, "काकू कुठायत?" मी सांगत होते, "घोडबंदरला. खाली उभ्या आहेत." सांगता सांगता मला चक्क घोडबंदर रोडचा हेवा वाटला.