बेरिल टायसनचा बारावा पिंजरा

बेरिल टायसनकडे अकरा पिंजरे होते. सकाळी सातला आणि दुपारी तीनला ती गावभर फिरून ते बघून यायची. पाऊस असो, बर्फ असो, घरी पाहुणे असोत. भावाच्या मुलीचं लग्न जवळच्या पेनरिथ शहरातल्या चर्चमध्ये चाललं होतं तेव्हा पावणेतीनला ती बाकावरून उठली आणि डोक्यावरची हॅट तशीच ठेवून गाडी हाणत गावात आली. चार नंबरच्या पिंजऱ्यात खरोखरच एक तांबडी खार अडकून बसली होती. तिला सोडलं आणि केक कापायच्या वेळेला बाई परत हजर. कोंडलेल्या जनावराला ताटकळत ठेवू नये, एवढंच तिचं म्हणणं.

एकतीस वर्षं ती या स्केलबेक गावची टपालबाई होती. आधी सायकलवर, मग लाल गाडीतून. कुठलं फाटक कुरकुरतं, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला न भुंकता पोटरी धरतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती निवृत्त झाली त्याच वर्षी तांबड्या खारी राखणाऱ्या गटाला माणूस हवं होतं. गटाची प्रमुख जॅनेट रिग हिनं तिला दोनच गोष्टी विचारल्या: बंदूक चालवता येते का, आणि लोकांच्या परसात शिरायची लाज वाटते का. बापाच्या शेतावर कावळे मारून बेरिलचा नेम पक्का झालेला. लाज टपालखात्यात पहिल्याच वर्षी गेली होती.

तांबडी खार इथली. करडी बाहेरून आणलेली, अंगानं दांडगी आणि खायला आधाशी. पण खरं भांडण दाण्यांचं नाही, फोडांच्या रोगाचं. करडी तो रोग अंगावर वागवते आणि मजेत राहते. तांबडीला तो लागला की डोळे, तोंड, पंजे फोडांनी भरतात आणि पंधरा दिवसांत खेळ आटोपतो. स्केलबेकच्या सगळ्या तांबड्या बारा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात अशाच गेल्या. मग चार वर्षांपूर्वी डोंगरापलीकडून दोन आल्या आणि चर्चमागच्या झाडांत राहिल्या. त्यांच्या आता सात झाल्या होत्या. बेरिल फिरायची ती या सातांसाठी.

पिंजरा लावायची रीत साधी आहे, पण उतावळ्या माणसाला ती जमत नाही. आत शेंगदाणे आणि मका टाकायचा आणि दार उघडं बांधून ठेवायचं. चार-पाच दिवस खारीला खुशाल आतबाहेर करू द्यायचं. जागा आपलीच आहे असं तिला वाटलं, की मग एका सकाळी दार सोडायचं. आतल्या पत्र्यावर पाय पडला की झडप खाली. तांबडी निघाली तर तिथल्या तिथं मोकळी. करडी निघाली तर तिला पुन्हा सोडायचं नाही, तसा कायदाच आहे. ते काम बेरिल छऱ्याच्या बंदुकीनं एका बारात उरकायची, आणि त्याबद्दल कुणाशी बोलायची नाही. दार बांधायला ती टपालाच्या गठ्ठ्यांची लाल रबरं वापरायची. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं तिला घड्याळ दिलं होतं. रबरांनी भरलेला डबा तिचा तिनंच आणला होता.

तिच्या शेजारी, कमरेएवढ्या दगडी भिंतीपलीकडे, विल्फ गार्नेट राहायचा. वय एक्याऐंशी. दगडाच्या खाणीवर चाळीस वर्षं लोहारकाम केलेलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बेरिलच्या अकरा पिंजऱ्यांतले चार त्यानं स्वतः बनवले होते आणि उरलेल्यांच्या स्प्रिंगा, बिजागऱ्या, पत्रे त्याच्याच हातून सरळ झालेले. मजुरी म्हणून बेरिल त्याला आल्याचा केक द्यायची आणि तो दर खेपेला सांगायचा, की केक जरा सुका झालाय.

फेब्रुवारीत विल्फच्या परसातल्या बाकावर एक खार येऊ लागली. तो तिला हातावर दाणे द्यायचा. आठवड्याभरात ती त्याच्या गुडघ्यावर चढायला लागली. तिचं नाव त्यानं जिंजर ठेवलं. तांबड्या केसांच्या पोरींना इथं सगळे तसंच हाक मारतात. बेरिलनं भिंतीवरून वाकून पाहिलं, आणि तिच्या हातातली बादली हातातच राहिली.

"विल्फ, ती करडी हाय."

"तांबडी हाय ती. थंडीतला कोट घातलाय तिनं."

थंडीत तांबडीचा रंग खरंच थोडा राखाडी पडतो, तेव्हा बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं.

"अन् कानावरचं तुरं? थंडीत तांबडीच्या कानाला हे एवढं तुरं असत्यात."

"झडलं असत्याल. माजं न्हाई झडलं?" विल्फनं टोपी काढून टक्कल दाखवलं.

"तुजं झडलं म्हणून तुला काय शेपूट फुटलं न्हाई. डोळ्याचं आपरेशन कवा हाय?"

"मे महिन्यात. तंवर मला तांबडी दिसती ती तांबडी."

बेरिलनं तिच्या बाजूला, भिंतीला लागून एक पिंजरा ठेवला. पण हातावर दाणे मिळत असताना खार पिंजऱ्यात कशाला येईल? ती विल्फच्या मांडीवर खायची, मग भिंतीवरून पळत चर्चच्या बाजूला जायची, तिथं तांबड्यांसाठी टांगलेल्या पेटीतले दाणे उचकायची. बेरिलनं हे तीन वेळा डोळ्यांनी पाहिलं. जॅनेटला कळवावंच लागलं. जॅनेट म्हणाली, म्हाताऱ्याची परवानगी घ्या आणि त्याच्याच परसात लावा. परवानगीशिवाय कुणाच्या जागेत पिंजरा ठेवता येत नाही.

परवानगी मागायला बेरिल केक घेऊन गेली. विल्फला कशासाठी आलीय ते केक बघूनच समजलं असावं, कारण त्या दिवशी त्यानं केकला नाव ठेवलं नाही. दोन तुकडे खाल्ले, चहा ओतला, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"ठेव की," तो म्हणाला. "तांबडी हाय म्हटल्यावर सोडशीलच न्हवं का."

बेरिलनं उरलेला केक झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं बारावा पिंजरा त्याच्या बाकाजवळच्या सफरचंदाखाली ठेवला, दार वर करून दोन लाल रबरांनी बांधलं आणि आत मूठभर शेंगदाणे टाकले. तिसऱ्या दिवशी खार आत शिरून खाऊ लागली. पाचव्या दिवशी तर ती तिथंच बसून तोंड पुसत होती. रबर काढायची वेळ झाली होती.

सहाव्या सकाळी बेरिल गेली, दाणे टाकले आणि रबर तसंच ठेवून परतली. सातव्या दिवशीही तेच, आठव्या दिवशीही तेच. विल्फ दारात उभा राहून बघायचा आणि चहाचं विचारायचा. ती घ्यायची. पिंजऱ्याचा विषय दोघंही काढत नव्हते. हवा, गुडघे आणि चर्चच्या छपराची गळती यांवर त्यांनी त्या दिवसांत इतकं बोलून घेतलं, की तेवढं मागल्या तीस वर्षांत बोलले नसतील. त्याला विचारणारं माणूस तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि सकाळी तो खिडकीशी बसायचा तो त्या खारीसाठी, हे तिला दिसत होतं. रबर काढलं की खार जाणार, आणि बहुतेक शेजारीही.

सोळाव्या दिवशी जॅनेटचा फोन आला. बेरिलनं सांगितलं, अजून खारीला सवय लागली नाही. एकतीस वर्षांत तिनं कुणाचं एक पत्र दाबून ठेवलं नव्हतं. वाईट बातमीची पत्रंसुद्धा, पाकिटावरून ओळखू येणारी, तिनं त्याच दिवशी पोचवली होती.

अठराव्या दिवशी दुपारी विल्फनं भिंतीवरून हाक मारली. त्याचा आवाज वेगळा होता. त्याच्या बाकावर एक खार बसली होती, दिवसाढवळ्या, जवळ गेलं तरी हलत नव्हती. ही तांबडी होती, यात शंकाच नव्हती. कानावर तुरे होते. डोळे फोडांनी चिकटले होते आणि पुढच्या पंज्यांची सुजून बोंडं झाली होती. तिला दाण्याचा वास येत होता, पण दाणा धरता येत नव्हता. विल्फ तिच्यापासून दोन हात अंतरावर गुडघे टेकून बसला होता, डोळे बारीक करून.

बेरिलनं हातमोजे घातले, खारीला खोक्यात घेतलं आणि पेनरिथला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं करण्यासारखं एकच होतं, ते डॉक्टरनं केलं. परत आल्यावर तिनं चर्चची दाणापेटी उतरवली, विल्फचा बाक औषधाच्या पाण्यानं घासला, त्याच्या दाण्यांची वाटी घासली. विल्फ बादल्या भरून देत होता. तुझ्या खारीमुळे झालं, असं ती म्हणाली नाही. माझ्यामुळे झालं, असंही म्हणाली नाही, पण रात्री वहीत सातच्या जागी सहा लिहिताना तिनं तेरा दिवस मोजले. रबर पाचव्या दिवशी निघायला हवं होतं.

सकाळी सातला ती विल्फच्या परसात गेली तेव्हा रबर काढायची तिनं मनाची तयारी केलेली होती. पण पिंजऱ्याचं दार खाली पडलेलं होतं. आत करडी खार शेवटचे दाणे खात बसली होती, निवांत, रोजच्या ओळखीच्या जागी. विल्फ बाकावर होता. अंगावर कोट, पायात रबरी बूट, म्हणजे बराच वेळ बसलेला असणार. त्यानं हात पुढं केला. तळव्यावर दोन लाल रबरं होती.

"घे. सरकारी माल हाय."

बेरिलनं ती घेतली.

"तुरं न्हाईत तिला," विल्फ म्हणाला. "पयल्या दिशीपास्नं न्हवतं. डोळं गेल्यात, पर इतकंबी न्हाई गेलेलं."

"मलाबी ठावं होतं तुला दिसतंय त्ये," बेरिल म्हणाली. "मी पाचव्या दिशी रबर काढाया पायजे होतं."

"व्हय. पायजे होतं." तो म्हणाला, "अन् मी परवानगी दिली ती तू रबर काढशील म्हणून. माज्या हातनं व्हनार न्हवतं."

"आता झालं की."

"आता झालं."

तिनं विचारलं, पिंजरा माझ्याकडे नेऊ का. तो म्हणाला, इथंच कर, ओळखीच्या जागी. तो आत गेला नाही. बाकावरच बसला, तोंड मात्र डोंगराकडे केलं. बेरिलनं पिंजऱ्यावर पोतं टाकलं, खार एका कोपऱ्यात आली, आणि एका बारात काम झालं. वहीत तिनं लिहिलं: गार्नेट, करडी, मादी, एक. पिंजरा धुवायला घेतला तर विल्फ उठून जवळ आला, झडप दोनदा वरखाली करून पाहिली आणि म्हणाला, की स्प्रिंग ढिली पडलीय, दे इकडं. तासाभरात पिंजरा दुरुस्त होऊन परत सफरचंदाखाली गेला.

त्या उन्हाळ्यात त्या पिंजऱ्यात आणखी तीन करड्या सापडल्या. जॅनेटला बेरिलनं खरं काय ते सांगून टाकलं. जॅनेट दोन आठवडे तिच्याशी कोरडं बोलली, मग नेहमीसारखी बोलू लागली. मेमध्ये विल्फच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याला तो नको म्हणाला. एका डोळ्यानं केक दिसतो, तेवढं पुरे. सहा तांबड्यांपैकी आणखी कुणाला फोड आले नाहीत. जूनमध्ये झाडांत पिल्लं दिसली, किती ते मोजता आलं नाही.

पिंजरा वाजला की विल्फ आता वरच्या खिडकीतून हाक मारायचा, आणि बेरिल वाकून बघायच्या आधीच प्रश्न यायचा.

"तुरं हायत का?"

"न्हाईत," ती म्हणायची, आणि तो खिडकी लावून घ्यायचा. नव्या डोळ्यानं त्याला तिथून सगळं दिसत होतं, तरी विचारायचा.

नोव्हेंबरच्या एका सकाळी बेरिल पिंजऱ्याशी वाकली आणि लगेच उठली नाही. खिडकीतून प्रश्न आला.

"ये की खाली," ती म्हणाली. "दार तुज्या हातनं उघड."