बाटलीतले पतंग

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता घरच्यांना राग आला तरी येऊ दे, मी सांगणार.

सत्तरच्या दशकात दिघोरीला आमच्या घरचं धानाचं बियाणं मोठी वहिनी जपायची. एका उन्हाळ्यात तिने नवी, सारवलेली कोठी उघडली, तर धानाच्या वाळल्या काडाच्या, तणसाच्या रंगाचे बारीक पतंग उडाले. दाणे पोकळ, गोल भोकं पडलेले.

आई म्हणाली, "तुया हातालेच बरकत नाही वो!"

"मंग माह्या हातचं जेवण रोज गोड कसं लागते तुमाले?" वहिनीने विचारलं.

त्यानंतर तिला कोणी बियाण्याला हात लावू दिला नाही.

मी त्याच कोठीतले भोक नसलेले दाणे निवडून बाटलीत घातले, तोंडाला कापड बांधलं. काही आठवड्यांनी आत पतंग फडफडू लागले, पंखांच्या कडेला केसांची झालर. मादी दाण्यावर अंडं घालते, अळी आत शिरून दाणा पोखरते, तिथेच कोष करते आणि पतंग होऊन बाहेर पडते. तसलेच पतंग मी शेतात, कापलेल्या धानाच्या रचलेल्या ढिगावर, पुंजण्यावर पाहिले होते. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रांतल्या नाटकांत मी नाचत हिंडलो, म्हणून ते पुंजणं वेळेवर मळायचं राहून गेलं होतं. कोठी तर नवी होती; कीड शेतातून, माझ्या आळसातून घरात आली. वहिनीच्या हाताला नावं ठेवणारे सगळे खोटे, आणि गप्प बसलेला मी सर्वांत मोठा खोटा.

वहिनी म्हातारपणी अंथरुणाला खिळली, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने पावसापाण्याचं विचारलं, मी तेवढंच सांगून उठलो. "वहिनी, तुमचा हात चांगलाच होता, चूक माही होती, मले माफ करा," हे ओठांतच राहिलं.