एका डब्यातल्या दोन जागा

आज मी जो काही आहे तो माझी थोरली बहीण मंदाक्का हिच्यामुळे. आमचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. मलाही त्यांच्याबरोबर जावं लागलं असतं. पण चौथीत असलेल्या अक्कानं शाळा सोडली, पाथर्डीजवळच्या आमच्या गावी चुलतीच्या आधारानं माझ्यासाठी मागं राहिली आणि भाकरी थापून मला शाळेत धाडत राहिली. घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. आता नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या तयार भागांची मापं तपासतो. अक्का मात्र लग्नानंतर नवऱ्याबरोबर ऊसच तोडते. तिची पाच वर्षांची मुलगी इसू हिला माझ्या घरी आणायचं, बालवाडीत बसवून शहराची सवय लावायची आणि जूनमध्ये पहिलीत घालायचं, असं आम्ही ठरवलं होतं. तिला आणायला गेलो त्या दिवसाची ही हकीकत आहे.

इसूला एसटी लागते, दर दहा मैलांवर उलटी होते. म्हणून परत येताना, अक्काची ऊसतोडीची टोळी होती तिथून जवळच्या बेलापूर स्टेशनावरून रेल्वेनं यायचं ठरलं. त्यात मी एक चूक केली. माझं परतीचं तिकीट मी आधीच काढून ठेवलं होतं, फक्त माझं. अक्का पोरीला खरंच पाठवील याची मला खात्री नव्हती. दोन दिवसांनी तिचा होकार आला, तेव्हा इसूचं तिकीट काढलं. पाच वर्षं पूर्ण झालेली, त्यात स्वतंत्र जागा हवी, म्हणून पूर्ण तिकीट, खिडकीची जागा. डबा तोच मिळाला, पण माझा क्रमांक चौदा आणि तिचा सदुसष्ट. कुणीतरी बदलून देईल, असं मी धरून चाललो. माझी पत्नी सुनीता म्हणाली होती, "अहो, रविवारी मला सुट्टी आहे, दोघं जाऊ." मी थांबलो नाही.

सकाळी एसटीनं कोल्हारला, टोळीच्या मुक्कामाजवळ, उतरलो. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माणसाला हा भाग परका वाटतो. प्रवरेच्या दोन्ही काठांना नजर जाईल तिथपर्यंत ऊस, पाटाला पाणी, हवेत मळीचा आंबूस वास. कापलेल्या उसाच्या रानाकडेला टोळीच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) होत्या. अक्का कोयता घेऊन बाहेरच उभी होती.

"आला गं बया माझा सायेब!" ती मोठ्यानं म्हणाली, बायकांनी ऐकावं म्हणून. "लई वाळलास की रं बाळू. सुनीता खायला घालती का नुसता चहावर ठेवती?"

तिनं बाजरीची भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा पुढं केला. इसू कोपीच्या आडून माझ्या बुटांकडं बघत होती. नवा फ्रॉक, केसांना चपचपीत तेल.

"इसे, मामा हाय तुजा. पाया पड."

ती हलली नाही.

"दोन वर्सांनी तोंड दावलंस," अक्का हसत म्हणाली, "वळखंल कशी?"

मीही हसलो आणि भाकरी खाल्ली. नागापूरहून कोल्हार दीड तासावर आहे.

ऊस भरायला ट्रॅक्टर आला तशी अक्का उठली. "मी टेसनावर येत न्हाई. आले तर सोडायची न्हाई ती मला." तिनं पोरीचा मुका घेतला आणि मागं न बघता रानात शिरली. सगळ्या टोळीला तिनं सांगून ठेवलं होतं, माझी लेक शिकायला चालली.

स्टेशनापर्यंत रिक्षात इसू मागं वळून रानाकडंच बघत होती.

गाडी दुपारची होती आणि वेळेवर आली. डबा भरलेला. सदुसष्टवर खिडकीशी इसूला बसवलं. शेजारी एक जाडजूड बाई होत्या, मांडीवर स्टीलचा डबा.

"ताई, माझी जागा चौदा नंबरला आहे. तिथं बसता का? मुलगी लहान आहे."

"चौदा म्हंजे पार तिकडं? माजे गुडगे गेलेत भाऊ. आत्ताच कशी तरी टेकलेय."

मी चौदाकडं गेलो. तिथल्या मुलांना विचारलं. त्यातला एक नम्रपणे म्हणाला, "काका, आम्ही तिघं एकत्र आहोत. एक तिकडं गेला तर कसं?" त्याचंही बरोबर होतं. मी परत आलो आणि इसूच्या जवळ वाटेत उभा राहिलो.

गाडी सुटली तशी इसू रडायला लागली. आधी हळू, मग सगळा डबा वळून बघेल अशी. "मला आयकडं जायचंय."

मी हात पुढं केला. ती खिडकीच्या गजाला चिकटली. शेजारच्या बाईंनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाळा, हे कोन हायेत तुजे?"

इसूनं माझ्याकडं नीट पाहिलं. "माहीत न्हाई."

आजूबाजूचे लोक जवळ सरकले. मागून कुणीतरी म्हणालं, "पकडून ठेवा त्याला." तेवढ्यात टीसी आले. बाईंनी त्यांना झालेलं सांगितलं. त्यांनी दोन्ही तिकिटं पाहिली.

"तिकिटं वेगवेगळी, आडनावं वेगवेगळी. कोण तुम्ही हिचे?"

"मामा. सख्खा मामा."

"मुलगी तर माहीत नाही म्हणते. मोबाईलमध्ये हिचा फोटो असेल, दाखवा."

मी मोबाईल उघडला. कारखान्यातल्या भागांचे फोटो होते, नव्या घेतलेल्या फ्रिजचे होते, साहेबांबरोबरचा माझा एक होता. इसूचा एकही नव्हता. मी वर सरकवत राहिलो. टीसी वाट बघत होते, बाईही.

शेवटी टोळीच्या मुकादमाला फोन लावला. टीसींनी आवाज मोठा करायला लावला.

"कोन? मंदीचा भाऊ?" मुकादम ओरडला. "व्हय, व्हय, नागापूरचा सायेब. सख्खा हाय की! का वं, पोरगी बरी हाय न्हवं?"

टीसींनी तिकिटं परत दिली. "पुढच्या वेळी दोघांचं एकाच तिकिटावर काढा. शेजारी जागा मिळायची शक्यता जास्त असते," एवढंच म्हणून ते पुढं गेले.

बाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "बसा भाऊ. राग मानू नका. लेकरू असं बोललं की काळजात धस्स हुतं."

"तुमचं बरोबरच होतं ताई," मी म्हणालो.

त्या डबा सांभाळत चौदाकडं गेल्या आणि अशी आम्हाला शेजारी जागा मिळाली. इसू अंग चोरून खिडकीशी बसली. रडून फ्रॉक ओला झाला होता. माझा रुमाल तिनं तोंडाला लावू दिला नाही. अक्कानं बांधून दिलेला गूळ पुढं केला, तो घेतला नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आय मागून येनार हाय का?"

"नाही. साखर कारखाना बंद झाला की येईल."

त्यानंतर ती रडली नाही. समोरच्या बाकाकडं बघत राहिली. बाहेर ऊस मागं पडत होता. अशी गप्प झालेली मुलं मी लहानपणी तोडीवरून येणाऱ्या ट्रकांत पाहिली आहेत. मोठी माणसं म्हणत, आता सवय झाली त्याला. मीही घरी पोहोचून सुनीताला तसंच सांगितलं असतं.

राहुरी आलं. मी पिशवी उचलली, इसूला खाली घेतलं.

"अवो, नगर लांब हाय अजून!" बाई दारातून ओरडल्या.

"माहीत आहे ताई."

स्टेशनावरून रिक्षानं नगर-मनमाड रस्त्याला आलो. तिथून कोल्हारकडं जाणारी जीप मिळाली. वाटेत इसूला दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा जीपवाला कुरकुरत थांबला. मी पाणी ओतलं, तिनं तोंड धुतलं आणि परत पिशवीवर डोकं टेकून बसली. ऊन उतरता उतरता आम्ही रानाकडेला पोहोचलो. कोप्या दिसताच ती पळत सुटली.

अक्का चुलीपुढं होती. पोरगी गळ्यात पडली तरी ती माझ्याकडंच बघत होती.

"परत आनलीस?"

"अक्का, ऐक तर..."

"तुला झेपत न्हाई म्हन की सरळ! समद्यांला सांगून बसले मी. आता ह्यो कोयता तिच्या हातात देऊ का?"

बायका बघत होत्या. त्यांच्यापुढं मला काही सांगता आलं नाही. अक्कानं चहा दिला, कप खाली ठेवला आणि पाठ फिरवली. शेवटच्या एसटीनं मी नागापूरला आलो. सुनीतानं इसूसाठी पलंगावर नवी चादर घातली होती. तिनं दारात माझ्यामागं पाहिलं आणि ताट वाढायला आत गेली.

अक्काशी फोनवर बोलायचं तर मुकादमाच्या फोनवर बोलावं लागतं, आणि ते सगळी टोळी ऐकते. म्हणून कोल्हारच्या एका किराणा दुकानाच्या पत्त्यावर पत्र धाडलं. अक्का अक्षर लावून लावून वाचते, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं.

ती. सौ. अक्कास,

साष्टांग नमस्कार.

तू रागावलीस ते बरोबर आहे. गाडीत लोकांनी इसूला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, माहीत नाही. तिनं खरं तेच सांगितलं. माझ्या मोबाईलमध्ये तिचा एक फोटोही नव्हता. हे मी सुनीतालाही अजून सांगितलेलं नाही.

शाळेतलं तिचं नाव काढलेलं नाही. जूनला अजून वेळ आहे. तोवर दर रविवारी मी येईन, सुनीताही येईल. दिवसभर राहू. मला मोळ्या बांधता येत नाहीत, पण उचलता येतील. ती स्वतःहून निघाली तर तिघांची तिकिटं एकदम काढीन. नाहीच निघाली तर काय, ते मला आज सांगता येत नाही. तेव्हा तू म्हणशील ते करीन.

या रविवारी येतो. इसूला न्यायला येतोय असं सांगू नकोस. मामा येतोय, एवढंच सांग.

तुझा,
बाळू