गाद्यांच्या खोलीतलं गाणं

मुलांनो, आजोबांचा आवाज आता आठवत नाही, असं परवा फोनवर तुम्ही म्हणालात. म्हणून आमच्या चेरीतालच्या घरी वरच्या मजल्यावर राहायची त्या मुलीबद्दल लिहिते.

बँडमध्ये ती इतकी जोरात गायची की त्यांच्या एका कार्यक्रमाला मी कानांत कापूस घालून बसले होते. स्वतःची गाणी मात्र ती आमच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या उभ्या करून, अगदी हळू आवाजात रेकॉर्ड करायची. कधी दीक्षितपुऱ्यातला एक सारंगीवाला साथीला असे. घरघर नको म्हणून ती आमचा फ्रिज बंद करायची आणि जाताना सुरू करायला हमखास विसरायची. दूध नासलं की आजोबा म्हणायचे, "चलो, आज पनीर!"

एकदा ती शेवटची ओळ संपवत होती आणि आजोबा बाहेरून ओरडले, "अगं, चहा ठेवलास का?"

मी ओशाळून म्हटलं, "पुन्हा गा बाई. हे काढून टाक."

"काहून, आजी? अच्छा लग रहा है. राहू द्या न."

बँडमधल्या पोरांनी चेष्टा केली, तरी तिनं ते काढलं नाही.

आता ती बंगळुरूला असते, आणि आजोबा नाहीत. दुपारी कधी मी उगाच फ्रिज बंद करून त्या खोलीत बसते.

ते गाणं सोबत पाठवते आहे. शेवटपर्यंत ऐका. तिचा आवाज थांबतो, तिथे तुमचे आजोबा चहा मागतात.