माणसाचा रकाना

भिंगांच्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. खरी मावशी ती एकटीचीच, स्पेक्ट्रोमीटरवर बसणाऱ्या भाचीची. पण भाचीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत "मावशी, डबा कुठे ठेवू गं?" अशी हाक मारली, आणि तेव्हापासून पन्नाशीचा मॅनेजरसुद्धा मावशी म्हणायला लागला. "याच्या आईची बहीण मी कधी झाले?" असं ती पुटपुटायची, पण ओ द्यायची.

तिचं काम एका शब्दाचं. चेंबरमध्ये भिंगं ठेवून हवा ओढून घ्यायची, आत तापलेल्या क्षाराची वाफ भिंगांवर बसू द्यायची, आणि थर शंभर नॅनोमीटरचा झाला की थांबायचं. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक, जवळपास तेवढा. थर वाढेल तसा काचेचा रंग पालटतो: आधी पिवळसर, मग लालसर, मग जांभळा, आणि हात आवरला नाही तर निळा. मावशी चेंबरच्या बारीक खिडकीला उजवा डोळा लावून बसायची. जांभळा दिसला की म्हणायची, "बास!" चेंबरवाला वाफ बंद करायचा. बावीस वर्षं हेच.

भाचीचं काम त्यानंतरचं. भिंगांबरोबर आत ठेवलेली नमुन्याची काच ती स्पेक्ट्रोमीटरखाली धरायची. वरून पांढरा उजेड पडतो. थोडा थराच्या वरूनच परततो, थोडा आत जाऊन खालच्या काचेवरून परततो. परतलेले दोन्ही उजेड एकमेकांत मिसळतात, आणि त्यात काही रंग मरतात, काही तगतात. कोणता रंग जास्त मेला यावरून यंत्र थराची जाडी सांगतं.

डोळा आणि यंत्र यांचं जमलं नाही, तर एक वही होती. ती मावशीनंच आखलेली. रकाने तीन: काच, यंत्र, माणूस. ज्याची चूक, त्याच्या रकान्यात खूण. ओळ रिकामी सोडायची नाही, हा तिचाच कायदा. एकदा यंत्रानं भलताच आकडा दाखवला आणि सगळे मावशीवर तुटून पडले. तिनं काच उलटी केली. मागच्या बाजूनं उजेड परतू नये म्हणून तिथे काळा रंग लावतात, तो लावायलाच कुणी विसरलं होतं. "काचेच्या पाठीला काळं फासलं नाहीत, आणि तोंड माझं काळं करताय?" मॅनेजर आठवडाभर तिच्या समोरून गेला नाही.

या महिन्यात मात्र तीन बॅच जाड निघाल्या. एकशे नऊ, एकशे अकरा, एकशे बारा. मावशी म्हणाली, यंत्राचा दिवा म्हातारा झालाय. दिवा बदलला. चौथी निघाली एकशे तेरा. आता 'बास' म्हणायचं काम मावशीकडून काढून घेणार, असं मॅनेजरनं चेंबरवाल्याला गुपचूप सांगितलं होतं, म्हणजे ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

"आण ती काच," मावशी म्हणाली. पाठ पाहिली, काळी कुळकुळीत. मग कपाटातली जुनी काच काढली. तिचा थर शंभरचा, पूर्वीच पारखून ठेवलेला. यंत्र म्हणालं, शंभर. म्हणजे काच निर्दोष, यंत्रही निर्दोष.

तिनं दोन्ही काचा खिडकीशी नेल्या आणि सवयीनं डावा डोळा मिटला. "ही जुनी लालसर पडलीय बघ."

"मावशी, काच लालसर पडत नाही," भाची हळूच म्हणाली.

मावशीनं उजवा डोळा मिटून पाहिलं. जुनी काच जांभळी होती, नवी निळीशार. परत डोळा बदलला: उजव्याला जुनी लालसर, नवी जांभळी. परत. मग काचा टेबलावर ठेवून तिनं वही उघडली. खुणा करायचं काम भाचीचं, पण आधीच्या तिन्ही बॅचच्या ओळी रिकाम्या.

"हे काय?"

"मला दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. जुनी काच लावून बघितली होती मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं काम गेलं असतं, मावशी."

"आणि इतकी भिंगं फुकट गेली, ती? अगं, मॅनेजर गप्प बसला असता तर मी समजू शकले असते. तू गप्प बसलीस! हे शिकवलं मी तुला?" डोळ्यापेक्षा हेच तिला जास्त लागलं होतं. तिनं पेन पुढे केलं. "लिही."

भाचीनं चारही ओळींत माणसाच्या रकान्यात खूण केली. चौथ्या ओळीत दोन.

"दोन का?"

"एक तुझी, एक माझी."

मॅनेजरला तिनं स्वतःच जाऊन सांगितलं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळही घेतली.

दुसऱ्या दिवशी चेंबरच्या खिडकीशी भाची बसली. मावशीनं शेजारून मान घालून सवयीच्या उजव्या डोळ्यानं एकदा पाहिलं आणि मागे सरकली. "बास," भाची म्हणाली. मावशीला वाटलं, घाई केली पोरीनं, अजून लालच आहे. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

काच मोजली. शंभर.

"बरोबर आहे," मावशी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं वही मिटली. आज तिच्यात लिहायचं काही नव्हतं.